गावच्या संग्रहालयात दिलेली वस्तू घरच्यांनी परत मागितली तर काय करावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत एक छोटं वस्तुसंग्रहालय आहे. सरकारी नाही. आमच्या वाचनालयाचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे, त्यातल्याच चार-पाच जणांनी २०१३ साली ते सुरू केलं. गावोगाव फिरून, हात जोडून वस्तू मिळवल्या. जाती, कंदील, बैलांच्या घुंगुरमाळा, लाकडी नांगर, मोडीतले दोन रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे), एक पालखीचा दांडा, असं बरंच.

त्यात धान्य मोजायच्या पितळी मापांचा एक संच आहे: शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. पाचही जागच्या जागी. गावच्या जुन्या किराणा दुकानदारांनी स्वतःच्या हातानं आणून दिलेला. ते आजोबा २०१९ मध्ये वारले. आता त्यांचा पुतण्या आलाय. म्हणतो, "काकांनी नुसता ठेवायला दिला होता, घर बांधलंय, आता आमचं आम्हाला द्या."

आमच्या वहीत नोंद अशी आहे: "दुकानदार यांचेकडून जुनी मापे, नग ५." बस्स. भेट म्हणून की ठेव म्हणून, एक शब्द नाही. सही नाही. ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे, त्यामुळे गेला आठवडा झोप नीट नाही. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो देऊन टाका, गावात वाईटपणा नको. दुसरा म्हणतो एकदा दिलं तर उद्या निम्मी खोली रिकामी होईल.

संग्रहालयात काम करणारं कुणी इथं असेल तर सांगा. अशा वेळी काय करतात?

निपाणीकर

देऊन टाका. वस्तू त्यांची, तुम्ही सांभाळली, उपकार झाले.

मार्कंडेयकाठी

इतकं सोपं न्हाई वो निपाणीकर. आजोबांनी स्वतः आणून दिलं म्हणतायत न्हवं? मग त्यांची इच्छा काय होती ते कोण बघणार? पुतण्या दहा वर्षं कुठं होता?

दालन_तीन

मी मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयाच्या नोंदणी विभागात १६ वर्षं काम केलं आहे. घाटमाथा, आधी मनावरचं ओझं थोडं कमी करा. "यांचेकडून, नग ५" अशा नोंदी मी मोठमोठ्या ठिकाणच्या जुन्या रजिस्टरांत शेकड्यांनी पाहिल्या आहेत. संग्रहालय हौसेनं सुरू होतं, त्या दिवसांत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, म्हणून कुणी लिहीत नाही. ओळखणारी माणसं गेली की अडचण उभी राहते.

नीट पद्धत काय आहे ते सांगतो. वस्तू दारात आली की आधी तात्पुरती पावती द्यायची. त्यावर तारीख, वस्तूचं वर्णन आणि "पाहण्यासाठी स्वीकारली" एवढंच. त्या क्षणी वस्तू संग्रहाची झालेली नसते. मग समितीनं बसून ठरवायचं, ही आपल्याला हवी का. हवी असेल तर दानपत्र करायचं. त्यात तीन गोष्टी हव्यातच. ही वस्तू माझ्या मालकीची आहे, ती मी कायमची देत आहे, आणि तिचं प्रदर्शन, फोटो, जतन याचा अधिकार संस्थेला आहे. दोघांच्या सह्या. त्यानंतरच वस्तू आवक नोंदवहीत चढते आणि तिला क्रमांक मिळतो. क्रमांकाची साधी रीत अशी: वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, आणि त्या दानातली कितवी वस्तू. तुमचा संच २०१३ मधलं सातवं दान असेल तर २०१३.७.१ ते २०१३.७.५. पुढे कुणी कपाटं हलवली, लेबल हरवलं, तरी क्रमांकावरून पानापर्यंत पोचता येतं.

नोंदवही पक्क्या बांधणीची घ्या, पानांना आधीच क्रमांक घाला. संगणकावर यादी ठेवा, जरूर ठेवा, पण वही सोडू नका.

आणि "कायमची ठेव" हा शब्द कधी वापरू नका. तो ना दान, ना ठेव. ठेव घ्यायचीच असेल तर मुदत घाला, एक वर्ष, आणि दर वर्षी नव्यानं सही.

शहापूरची_सून

दालन_तीन, ते क्रमांक वस्तूवर लिहायचे कसे? आमच्या शाळेच्या संग्रहात कुणीतरी तांब्याच्या घंगाळावर ऑइलपेंटनं मोठ्ठा ४२ काढून ठेवलाय, समोरूनच दिसतो. बघितलं की पोटात तुटतं.

दालन_तीन

ताई, वस्तू उपडी करून तळाशी किंवा मागे, जिथं नजर जात नाही आणि हात घासला जात नाही तिथं. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रोगणाचा पातळ थर, तो वाळला की त्यावर बारीक शाईनं क्रमांक, त्यावर परत एक थर. हे अॅसिटोननं पुसलं जातं, वस्तूला काही होत नाही. कागदावर मात्र फक्त शिसपेन्सिल, तीही मऊ. कापडावर लिहायचंच नाही, सुती फितीवर क्रमांक लिहून दोन टाके घालायचे. ऑइलपेंटचा ४२ आता तसाच असू द्या, खरवडू नका.

कोर्टरोड

मी बेळगावात वकिली करतो. कायद्याचं काय ते सांगतो, कारण इथं दोन्ही बाजू चुकतायत.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२. कलम १२२ आणि १२३ वाचा. जंगम वस्तूचं दान दोन प्रकारे होतं, नोंदणीकृत लेखानं किंवा नुसत्या ताब्यानं. म्हणजे घर-जमीन द्यायची तर कागद लागतोच, पण पितळी शेर द्यायचा तर "घ्या, तुमच्या संग्रहालयाला दिला" म्हणून हातात ठेवला आणि समोरच्यानं घेतला, की दान पूर्ण. मात्र देणारा हयात असतानाच ते स्वीकारलेलं असलं पाहिजे. आणि एकदा पूर्ण झालेलं दान मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, कलम १२६.

म्हणून "कागद नाही म्हणजे दान नाही" असं पुतण्या म्हणाला, तर ते टिकणार नाही. पण घाटमाथा, तुमच्याकडं ताबा आहे म्हणून ते दानच होतं, असंही आपोआप होत नाही. ठेवायला दिलं तरी ताबा तुमच्याकडंच येतो. प्रश्न आहे देणाऱ्याच्या मनात काय होतं हा, आणि ते कोण सांगणार? त्या वेळी हजर असलेली माणसं.

आणखी एक. माणूस जे स्वतःचं असेल तेच देऊ शकतो. ते दुकान एकट्या आजोबांचं होतं की एकत्र कुटुंबाचं? भावांची वाटणी झाली होती का? हे आधी विचारा. पुतण्याचा हक्क असेल तर तो इथून येईल.

माझा सल्ला, नोटिशीच्या भाषेत जाऊ नका. त्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस कोण आहे, त्यांना भेटा.

घाटमाथा

वकीलसाहेब, फार फार आभार. वाटणी झाली होती का हे माहीत नाही, विचारतो. आजोबांची बहीण आहे, पुतण्याची आत्या. त्या गावातच असतात, वय ८५ च्या पुढं. त्यांना कुणी विचारलंच नाही अजून.

मार्कंडेयकाठी

आत्यांकडं जावा. आजच जावा. रिकाम्या हातानं नको, कुंदा घेऊन जावा.

सातासमुद्रापार

माझी मुलगी अमेरिकेत एका काउंटीच्या इतिहास संस्थेत काम करते. मी दर हिवाळ्यात तिच्याकडे असतो आणि तिच्या खोल्यांत बसून खोकी उघडायला मदत करतो, म्हणून लिहायचं धाडस करतो. तिथं अशी गावोगावची हजारो छोटी संग्रहालयं आहेत. राज्य आणि स्थानिक इतिहासासाठी काम करणाऱ्यांची देशभराची संघटनाच आहे, १९४० सालची. आणि अडचण हीच. कपाटात वस्तू आहे, कागद नाही. त्यांच्याकडे अशा वस्तूंना वेगळं नाव आहे, "संग्रहात सापडलेली". तिला नवा क्रमांक देतात, सापडली त्या दिवसाची तारीख घालतात, आणि शोध चालू ठेवतात.

तिथल्या बऱ्याच राज्यांनी यासाठी कायदेच केले आहेत. जुन्या ठेवीचा मालक सापडत नसेल तर संग्रहालय रीतसर सूचना प्रसिद्ध करतं, ठरलेली मुदत थांबतं, कुणी आलं नाही तर वस्तू संग्रहालयाची होते. आपल्याकडे असं काही असतं तर घाटमाथांसारख्यांची झोप उडाली नसती.

मुलीचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. ती म्हणते, बाबा, मी वस्तू सांभाळत नाही, वस्तू आणि तिच्याबद्दलचं बोलणं यांची जोडी सांभाळते.

तांबट_आळी

मूळ विषय सोडून विचारतो, मापं साफ करताय का? करत असाल तर आधी थांबा. आमच्या घरी पणजोबांचा एक शेर होता. गणपतीला आईनं चिंच लावून, राख लावून असा लखलखीत केला की सोनं वाटावं. काठावर सरकारी छाप होते, वर्षावर्षाचे, तपासनीस येऊन मारायचा ते. दोन-तीन गणपतीत ते छाप निम्मे गेले. आता बोट फिरवलं तर खळगा लागतो, अक्षर लागत नाही.

हलशीचा_वाटसरू

तांबट_आळी, वाचून हळहळलो. ते छापच तर खरी नोंद. मेट्रिक मापं येण्याआधी गावागावाचा शेर वेगळा. बाजाराच्या गावचा शेर आणि खेड्यातला शेर यांत मूठभर फरक असायचाच. नंतर १९५६ चा केंद्राचा वजन-मापांचा कायदा आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक टप्प्याटप्प्यानं लागू झालं आणि शेर-मापटी माळ्यावर गेली.

गंमत बघा, १९५६ हेच वर्ष. १ नोव्हेंबरला आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. राज्य आणि शेर दोन्ही एकाच वर्षाच्या कायद्यानं बदलले. घाटमाथा, तुमच्या संचावर छाप असतील तर शेवटचा छाप कुठल्या वर्षाचा आहे ते भिंग लावून बघा. मी तर त्याच्या शेजारी जिल्ह्याचे दोन नकाशे लावीन.

चंदगडी

अगदी. आमच्या आजोबांची शेतीची कागदपत्रं बेळगाव जिल्ह्याच्या नावाची, वडिलांची कोल्हापूर जिल्ह्याच्या नावाची. घर तेच, वाडा तोच, उंबरा तोच. हे कुठल्यातरी दालनात मांडलं पाहिजे.

घाटमाथा

भिंग लावलं. शेराच्या काठावर सात छाप आहेत. पाच पुसट, दोन स्पष्ट. एकात ५१ वाचता येतं, दुसऱ्यात ५४. इतकी वर्षं काचेबाहेरून बघत होतो, मला हे दिसलंच नव्हतं. तांबट_आळी, आम्ही दर १ मे ला मापं पुसतो, पण कोरड्या फडक्यानं. चिंच आजपासून हद्दपार.

दालन_तीन

कोरडं मऊ सुती फडकं, आणि वस्तू हाताळताना हातमोजे. घामानं पितळेवर बोटांचे ठसे उमटतात आणि काही महिन्यांनी ते काळे पडतात. काळपट थर म्हणजे मळ नव्हे, धातूचं वय आहे. तो काढायचा की नाही हे जतनतज्ज्ञानं ठरवायचं. नाण्यांच्या बाबतीत तर हात लावूच नका.

मोडीवाचक

मला पहिल्या पोस्टमधलं "मोडीतले दोन रुमाल" वाचून राहवेना. ते कुठं ठेवलेत? कशात बांधलेत? खानापूरचा पाऊस मला माहीत आहे, भिंतीला पाठ टेकली तरी सदरा ओला होतो.

घाटमाथा

लोखंडी कपाटात, जुन्या लाल कापडात, तसेच बांधलेले. एक कधी सोडलाच नाही. दुसऱ्यातली वरची आठ-दहा पानं आम्ही मागं लॅमिनेट करून घेतली होती, टिकावीत म्हणून.

मोडीवाचक

अरेरे. रागावत नाही, कारण आपल्याकडं सगळ्यांनी हेच केलंय. पण पुढं एकही पान करू नका. लॅमिनेशन म्हणजे प्लॅस्टिक तापवून कागदात वितळवणं, ते परत निघत नाही. आत ओल अडकते, शाई जळकट होते. सेलोटेपही नको, त्याचा डिंक दहा वर्षांनी पिवळा डाग होऊन कागदात उतरतो. फाटलेलं जोडायचं तर जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, तीही शिकून घेतलेल्या माणसाच्या हातून. लखनौला १९७६ पासून जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे आणि तिचं प्रादेशिक केंद्र आपल्या म्हैसूरलाच आहे. तिथं पत्र लिहा, मार्गदर्शन करतात.

तुमच्या हातात आज काय आहे? कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. खाली विटा ठेवा. तळाच्या कप्प्यात काही ठेवू नका. लाल कापडाचा रंग ओलीनं उतरतो, धुऊन स्टार्च काढलेलं पांढरं मांजरपाट वापरा. श्रावण संपला की ऊन-वारा असलेला कोरडा दिवस बघून कपाट उघडा, पण कागद उन्हात घालू नका, सावलीतला वारा पुरे. कसर दिसली तर फोटो काढून इथं टाका.

आणि लाल कापड टाकून देऊ नका! त्यावर बहुतेक गाठीजवळ शाईनं गावाचं नाव किंवा साल लिहिलेलं असतं. रुमालाचाच तो पत्ता असतो.

घाटमाथा

खरंच आहे! आता जाऊन बघितलं. गाठीच्या आत एक ओळ आहे. मला वाचता येत नाही, फोटो तुम्हाला पाठवलाय.

निपाणीकर

मी पहिल्याच उत्तरात देऊन टाका म्हणून मोकळा झालो होतो. छापांचं वाचल्यावर मत बदललं. एखाद्या घराच्या शोकेसमध्ये गेली तर ती मापं पुन्हा लखलखीत केली जातील हे नक्की.

कृष्णाकाठची

मला मात्र पुतण्याची बाजूही कळते. माझ्या माहेरची एक सागवानी पेटी अशीच एका संग्रहाला गेली. वीस वर्षांनी बघायला गेले तर ती जिन्याखाली, त्यात झाडू ठेवलेले. नाव नाही, गाव नाही. मी तिथं उभी राहून रडले. तेव्हा वाटलं, घरी असती तर आईनं रोज पुसली असती. घेणाऱ्यानं कागद नीट ठेवावा हे ठीकच, पण देणाऱ्याच्या घराला वर्षातून एकदा बोलवावं, आणि त्यांचं नाव पाटीवर दिसेल असं असावं.

दालन_तीन

तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. म्हणूनच जे सांभाळता येणार नाही ते घेऊच नये. "नाही" म्हणणं हाही संग्रहालयाच्या कामाचा भाग आहे. बारावं जातं आलं तर हात जोडून सांगायचं, आमच्याकडे अकरा आहेत, हे तुमच्या परसात जास्त शोभेल, पण त्यावर बसून म्हटलेल्या ओव्या आम्हाला सांगा, आम्ही त्या लिहून घेतो.

घाटवाट

एक विचारू? आमच्या शेताच्या बांधावर दोन वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळा. एक आडवा पडलाय. गावच्या संग्रहालयात आणून उभे करावेत असं पोरं म्हणतायत.

हलशीचा_वाटसरू

नका हलवू, हात जोडून सांगतो. वीरगळ जिथं उभा आहे तिथंच बोलतो. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर पिंडीची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. पण तो कुणाशी आणि कशासाठी लढला, हे त्या बांधावरून, शेजारच्या वाटेवरून, गावाच्या शिवेवरून कळतं. गोठा शिवेला असेल आणि शिळेवर गाई कोरलेल्या असतील, तर गाई सोडवताना पडलेला वीर. ती शिळा खोलीत आणली की हे सगळं मागं राहिलं.

बेळगावच्याच किल्ल्यातलं उदाहरण घ्या. १२०४ सालचे, रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपण किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जैन मंदिरात, उभं राहून तो कमळाचा घुमट बघतो, आणि ती कुणी, कशासाठी बांधली ते सांगणारा दगड समुद्रापलीकडं. बस्ती इथं एकटी, दगड तिथं एकटा.

आडवा पडलेला असेल तर पुरातत्त्व खात्याला कळवा. तोवर खाली पाणी साचू देऊ नका, शेंदूर-चुना लावू देऊ नका. फोटो, मोजमाप, आणि कुठल्या दिशेला तोंड आहे ते लिहून ठेवा.

कोर्टरोड

पुरवणी. १०० वर्षांवरच्या मूर्ती-शिल्पांना पुरावस्तू कायदा, १९७२ लागू होतो, नोंदणी लागते. हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षांची आहे. जमिनीत नाणी-दागिने सापडले तर कलेक्टरांना कळवावंच लागतं. उत्साहाच्या भरात पोरांनी अडचणीत येऊ नये.

धारवाडकडचा

मी कन्नड घरातला, मराठी निपाणीत शिकलो, इथं वाचायला येतो. घाटमाथा सर, तुमच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत?

घाटमाथा

नुसत्या मराठीत. कन्नड पाट्या करायच्या हे तीन वर्षं चाललंय. एकदा करून घेतल्या होत्या, पण त्या मराठीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेल्या, शाळेतल्या कन्नड बाईंनी वाचून बाजूला ठेवल्या.

धारवाडकडचा

मी करून देतो, पण भाषांतर नको करायला. मापांचीच पाटी घ्या. तुमच्याकडं शेर-मापटं-चिपटं, आमच्याकडं सेरु-पावु-कोळग. नुसतं नाव बदलून चालत नाही, माझ्या आजीला कुठला शब्द ऐकून डोळ्यासमोर काय येईल ते लिहायला पाहिजे. आणि एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडंही कुणी "ओंदु" म्हणत नाही. "लाभ" म्हणतात. पाटी तिथून सुरू करूया.

शहापूरची_सून

लाभ! आमचे सासरे म्हणायचे. लाभ, दोन, तीन… एक म्हणायचंच नाही. किती वर्षांनी हा शब्द कानावर आला.

मार्कंडेयकाठी

काय झालं घाटमाथा? आत्यांकडं गेला होता काय न्हाई?

घाटमाथा

गेलो होतो. दोनदा गेलो. आज सविस्तर लिहितो, उशीर झाला त्याबद्दल क्षमा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मापांचा विषय काढलाच नाही. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं दुकानाचं विचारलं. आत्या म्हणाल्या, दुकान भावानं एकट्यानं चालवलं, वाटणी आधीच झालेली, धाकट्याच्या वाट्याला शेत. मग मी विचारलं, मापं संग्रहालयाला दिली तेव्हा ते काय म्हणाले होते? त्या म्हणाल्या, "दादा म्हणाला, पोरं बघतील तरी. दुकान बंद झालं तेव्हापासून ती कोनाड्यात पालथी पडली होती." म्हणजे दिली होती. पुतण्याही तिथंच बसला होता, तो गप्प झाला. त्यालाही ठाऊक नव्हतं, तो तेव्हा पुण्यात होता. त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला काकांचं काहीतरी नव्या घरात हवं होतं, एवढंच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाचही मापं फडक्यात गुंडाळून सोबत नेली आणि तांदळाची पिशवी. आत्या जमिनीवर बसल्या. शेर हातात घेतला आणि मला म्हणाल्या, असं नव्हे, असं. आणि मोजायला लागल्या. शेर तांदळात खुपसून तिरका उचलायचा, दुसऱ्या तळव्यानं वर शीग लावायची, मग ओतताना तोंडानं "लाभ". उधारीवाल्यालाही शीग लावूनच, रोखवाल्यालाही शीग लावूनच, हा दादाचा शिरस्ता. सपाट माप फक्त मिठाला. निळवं कशाला, विचारलं तर म्हणाल्या, हळद-मोहरी, आणि कुणाचं लेकरू एकटंच आलं तर फुटाणे निळव्यानं. हे सगळं फोनवर चित्रित केलंय, २३ मिनिटं. ५१ आणि ५४ चे छाप त्यांना दाखवले. म्हणाल्या, छापवाला आला की घरात पोळ्या व्हायच्या.

शेवटी त्यांनी चिपटं उचललं आणि मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, हे माझ्याकडं राहू दे, देवापुढं तांदूळ मोजीन. मला नाही म्हणवलं नाही. समितीला विचारायला हवं होतं, हे कळतं. पण दुसऱ्याच दिवशी बैठक घेऊन ठरावात लिहिलं आणि कुणीही विरोध केला नाही.

आता शेर, मापटं, कोळवं आणि निळवं संग्रहालयात. दानपत्र झालं, आत्यांची सही, पुतण्याची साक्षीदार म्हणून. चिपट्याचा फोटो आणि मोजमाप घेऊन नोंदवहीत तसा शेरा घातला. दुकानाच्या दारातला आजोबांचा एक फोटो पुतण्यानंच आणून दिला, त्याची प्रत त्याच्या नव्या घरात, मूळ आमच्याकडं. पाटीवर दुकानाचं नाव ठळक घालायचं ठरलंय.

कृष्णाकाठची

डोळे भरून आले. आत्यांना नमस्कार सांगा.

कोर्टरोड

उत्तम केलंत. दानपत्राची एक प्रत त्यांच्या घरी दिलीत ना?

घाटमाथा

दिली. आत्यांनी ती देव्हाऱ्यामागं ठेवली.

दालन_तीन

चित्रफितीला स्वतंत्र क्रमांक द्या आणि ती मापांच्या क्रमांकाशी जोडून ठेवा. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा, फोनवर एकटीच ठेवू नका. आत्यांकडून ती लोकांना दाखवायची परवानगीही लेखी घ्या. चिपटं बाहेर आहे तर वर्षातून एकदा जाऊन बघून या, नोंदीपुढे तारीख घाला. आणि बाकीच्या वस्तूंचं काय? त्या "यांचेकडून" अशा नोंदी किती आहेत?

घाटमाथा

एकशे चौऱ्याऐंशी. देणाऱ्यांपैकी किती हयात आहेत त्याची यादी काल काढायला घेतली. वय सगळ्यात जास्त ज्यांचं, त्यांच्यापासून सुरुवात. दर रविवारी दोन घरं.

मोडीवाचक

एक घर मला द्या. आणि हो, रुमालाच्या गाठीतली ओळ लागली. "जमाखर्च" आणि पुढं तुमच्या शेजारच्या गावाचं नाव आहे, पण साल पुसलंय. आत उघडल्याशिवाय कळणार नाही. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की मी दोन दिवस येतो. तोवर सोडू नका.

धारवाडकडचा

मीही त्याच वेळी येतो, पाट्या घेऊन. आत्यांना कन्नड येतं काय?

घाटमाथा

येतं की. दुकानात निम्मं गिऱ्हाईक कन्नडच होतं. या, त्यांच्याकडूनच शब्द तपासून घेऊ.